नमुना-पीसीबीचा निर्माता : निवडीची कसोटी

नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस रुजविला. पाण्याच्या अतिरेकाने काही जमिनी खारवटही केल्या. पिकाला पाणी नेमके किती द्यावे, हा येथील जुना प्रश्न होय. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने २०२४ मध्ये उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता व मृदा-संवेदक यांचा प्रयोग हाती घेतल्यापासून जमिनीतील ओल मोजणाऱ्या उपकरणांना नवे महत्त्व आले आहे. अशा उपकरणाचा पाया म्हणजे छापील सर्किट-बोर्ड, अर्थात पीसीबी. त्याचे पहिले चार-पाच नमुने कोणाकडून करून घ्यावेत, हा प्रश्न वरवर दराचा व मुदतीचा दिसतो. वस्तुतः तो वाचनाचा आहे.

आराखडाकार निर्मात्याकडे वस्तू पाठवीत नाही, संहिता पाठवितो : तांब्याच्या प्रत्येक थरासाठी एक गर्बर फाइल आणि छिद्रांसाठी निराळी फाइल. ही संहिता संदिग्ध असू शकते. छिद्रांच्या फाइलीत जागा वाचविण्यासाठी शून्ये गाळण्याची प्रथा आहे. तीन पूर्णांक व तीन दशांश स्थळे मानली, तर ‘०१५’ या लेखनात शेवटची शून्ये गाळली असल्यास अर्थ १५ मिलिमीटर होतो. आरंभीची गाळली असल्यास ०.०१५ मिलिमीटर. चिन्हे तीच, संकेत बदलताच अर्थ सहस्रपटींनी बदलतो. तसेच खालचा थर वरून आरपार पाहिल्याप्रमाणे काढण्याचा प्रघात आहे. निर्मात्याने तो पुन्हा उलटविला, तर बोर्ड निरुपयोगी ठरतो. म्हणून प्रत्येक थरावर काही अक्षरे घालतात. ती सुलटी की उलटी, यावरून दृष्टिकोन कळतो. गर्बरच्या २०१४ मधील सुधारणेने थराचे कार्य फाइलीतच नोंदविण्याची सोय केली. तथापि जुन्या पद्धतीच्या फाइली अद्याप वापरात आहेत.

यावरून पहिली कसोटी निष्पन्न होते : संदिग्ध जागी निर्माता काम थांबवून विचारतो, की स्वतःच अर्थ लावून पुढे जातो? दुसरी : रेषेची रुंदी वा छिद्राचा व्यास बदलल्यास तो कळवितो काय? न कळविता केलेली दुरुस्ती नमुन्यात खपून जाते. पुढे दुसऱ्या कारखान्यात तीच फाइल दिली असता दोष प्रकट होतो. तिसरी कसोटी विद्युत्-चाचणीची. ही चाचणी आराखडाकाराने दिलेल्या जोडण्यांच्या यादीशी ताडून व्हावी. निर्मात्याने गर्बर वाचून स्वतः केलेल्या यादीशी ताडल्यास चुकीच्या वाचनाची साक्ष तेच वाचन देते.

शेतातील बोर्डाला दमट हवा व क्षार यांना तोंड द्यावे लागते. तांब्याची जाडी, सोल्डर मास्क व वरचा मुलामा यांविषयी ‘नेहमीप्रमाणे’ एवढेच उत्तर मिळाल्यास ते अपुरे समजावे. शेन्झेनचा निर्माता स्वस्त पडेल, भोसरीच्या कारखान्यात समक्ष जाता येईल. परंतु अंतर ही कसोटी नव्हे. दूरचा निर्माता प्रश्न विचारीत असेल, तर तोच जवळचा मानावा.

आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते. त्या वेळी चुकलेला बोर्ड हाती आला, तर दुरुस्त नमुना येईपर्यंत लागणीचा काळ निघून जातो आणि चाचणी वर्षभर लांबते. चूक ध्यानात न येता उपकरण शेतात गेले, तर खारवट जमिनीला आणखी पाणी मिळते. निर्मात्याने आरंभी विचारलेल्या एका प्रश्नाचे मोल एवढे असते.