पोटातले भाडेकरू आणि थकलेला वॉचमन

केमोची दुसरी सायकल झाली आणि माझ्या मैत्रिणीच्या फ्रिजमध्ये छोटं मेडिकल स्टोअरच उघडलं. ऑफिसच्या टीमनं पाठवलेल्या प्रोबायोटिक ड्रिंकच्या बाटल्या, मावशीनं आणलेल्या कॅप्सूल्स आणि शेजारच्या काकूंनी लावलेलं दही. सगळ्यांचा मंत्र एकच, 'पोट चांगलं तर इम्युनिटी चांगली!' पण पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांनी बाटल्या आणि कॅप्सूल्स सरळ बंद करायला सांगितल्या. दह्याबद्दल म्हणाले, 'काउंट वर येऊ दे, मग बघू.'

आम्ही सगळेच चाट! 'गुड बॅक्टेरिया' अचानक बॅड कसे झाले?

त्याचं काय आहे, पोटामुळे इम्युनिटी, हे आपण जाहिरातींमधून पाठ केलंय. पण हा रस्ता टू-वे आहे. इम्युनिटी ढासळली की पोटातल्या बॅक्टेरियांचं काय होतं, हे कुणी सांगतच नाही.

आधी गर्दीचा अंदाज घ्या. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी नव्यानं हिशेब मांडला, तेव्हा एका माणसाच्या अंगावर-अंगात मिळून साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया निघाले. वजन जेमतेम २०० ग्रॅम. त्यातले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. एवढ्या भाडेकरूंना शिस्तीत ठेवायचं काम इम्युनिटीचं. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी रोज काही ग्रॅम 'आयजीए' नावाची अँटिबॉडी आत सोडतात. गंमत म्हणजे ती बहुतेक बॅक्टेरियांना मारत नाही. त्यांना चिकटते आणि भिंतीपासून लांब ठेवते. सोसायटीत राहा, पण टेरेसवर पार्ट्या नकोत!

हा वॉचमन थकला तर? २००७ मध्ये हार्वर्डमध्ये लॉरी ग्लिमचर आणि वेंडी गॅरेट यांच्या टीमनं इम्युनिटीत मुद्दाम खोट ठेवलेल्या उंदरांवर काम केलं. 'टी-बेट' हे प्रोटीन त्यांच्यात नव्हतं. त्यांच्या आतड्यांना सूज आली, जखमा झाल्या. इथवर ठीक. पण त्यांच्या सहवासात ठेवलेल्या, इम्युनिटी ठणठणीत असलेल्या उंदरांनाही तोच त्रास सुरू झाला! म्हणजे खोट एकाच्या इम्युनिटीत, त्यामुळे बिघडले त्याचे बॅक्टेरिया, आणि ते बिघडलेले बॅक्टेरिया पोचले शेजाऱ्याकडे. मला तर हे वाचून काटाच आला.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण एचआयव्हीचं उदाहरण माणसांचंच आहे. हा व्हायरस पहिल्या काही आठवड्यांतच आतड्यातल्या सीडी-४ पेशींचा फडशा पाडतो. भिंत गळकी होते आणि बॅक्टेरियांचे तुकडे रक्तात झिरपत राहतात. २००६ मध्ये हे पुढे आलं आणि या पेशंट्सची इम्युनिटी सतत भडकलेली का असते, याचा एक मोठा धागा हाती लागला.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंट्सबद्दलचा अभ्यास २०२० मध्ये आला. अमेरिका, जर्मनी आणि जपानमधल्या चार हॉस्पिटल्समधले १,३६२ पेशंट. चारही ठिकाणी चित्र सारखंच. पोटातली व्हरायटी घटते आणि एखादीच जात सगळी जागा बळकावते. ज्यांची व्हरायटी कमी, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त. अर्थात दोष एकट्या इम्युनिटीचा नाही. अशा पेशंट्सना भारी अँटिबायोटिक्सही द्यावी लागतात आणि ती चांगल्या-वाईटात फरक करत नाहीत.

आता मैत्रिणीच्या फ्रिजकडे येऊ. केमोनं आतड्याचं अस्तर सोलवटलेलं, पांढऱ्या पेशी तळाला. अशा वेळी जिवंत बॅक्टेरिया किंवा यीस्टची कॅप्सूल घेतली, तर तेच पाहुणे रक्तात शिरून इन्फेक्शन करू शकतात. हे क्वचित होतं, पण झाल्याच्या नोंदी आहेत. ट्रान्सप्लांट झालेले, स्टिरॉइडचे मोठे डोस घेणारे, संधिवातासाठी इम्युनिटी दाबणारी औषधं घेणारे, या सगळ्यांनी 'नॅचरल आहे, काय होतंय' म्हणण्याआधी डॉक्टरांना एक फोन करावा. बाकी, डेडलाइनच्या आठवड्यात सर्दी झाली म्हणजे तुमची इम्युनिटी संपली असं नाही हं! तुमची ताकाची लंच-टाइम सवय खुशाल चालू द्या.

मैत्रिणीच्या ट्रीटमेंटला आता चार महिने होऊन गेलेत. काउंट वर आलाय. मागच्या रविवारी परवानगी मिळाली आणि काकू दह्याचं भांडं घेऊन हजर! तिनं दोन वाट्या दहीभात खाल्ला, वर तळलेली मिरची मागितली. ती मात्र काकूंनीच दिली नाही.