ओझरची उमेदवारी

आमच्या कन्नडहून नाशिकला जाणारा मनुष्य गोदावरीत स्नान करतो, पंचवटी पाहतो आणि परततो. जवळच बाणगंगेकाठी ओझरला लढाऊ विमाने बनतात, हे त्याच्या गावीही नसते.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६४ साली ओझरला मिग-२१ विमानांचा कारखाना स्थापन झाला. या विमानाचा सांगाडा ओझरचा, इंजिन ओरिसातील कोरापूटचे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादची. आरंभी रशियाहून आलेले सुटे भाग नुसते जोडले जात. पुढे ते भागही येथेच घडू लागले. मिग-२७ आणि सुखोई-३० यांचेही काम असेच परवान्यावर चालले. परवाना म्हणजे हात आपले, आराखडा परक्याचा.

काही जण याला नक्कल म्हणून हिणवतात. मला ते पटत नाही. सुतार असो वा लोहार, आधी उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करावीच लागते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ निवृत्त झाले आणि १७ ऑक्टोबरला ओझरला बनलेले पहिले तेजस उडाले. त्याचा आराखडा भारतीय आहे. इंजिन मात्र अजून अमेरिकेचे आहे. ती उमेदवारी आपल्या पिढीला करायची आहे.