मोक्याची जागा

वरळीला डॉ. ई. मोझेस मार्गावरच्या बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांच्या, कबरस्तानाकडे बोट दाखवून परवा शेजारचा एक तरुण म्हणाला, ‘‘एवढी मोक्याची जागा नुसती अडकून पडलीय.’’ ते वाक्य सलतंय. ज्या रस्त्यावर आम्ही उभे होतो त्याला मुंबईच्या एका बेने इस्रायली महापौराचं नाव आहे, आणि १९३७ साली त्या पदावर बसलेले ते डॉक्टर मराठी बोलणारे होते.

फार मागे जात नाही. नौगावजवळ फुटलेल्या, त्यांच्या पूर्वजांच्या गलबताची कथा, कोकणात घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली मांडवीत बांधलेली ‘मशीद’ म्हणजे सिनेगॉग, तिच्यावरून पडलेलं मशीद बंदर स्टेशनचं नाव. हे पुस्तकांत आहे. एक गोष्ट मात्र टोचते. बगदादहून मुंबईत आलेल्या यहुद्यांनी १८३६ साली सरकारकडे अर्ज केला, की सामायिक दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्रायलींच्या कबरींमध्ये भिंत घालून द्या. मेल्यावरही शेजार नको!

माझं दशक साठीचं. आमच्या चाळीतली बेने इस्रायली घरं तेव्हा एकेक करून रिकामी झाली. मलिद्याच्या विधीतले पोहे आणि खोबरं आमच्या घरी यायचं, ते थांबलं. इस्रायलला निघण्याआधी माणसं या कबरस्तानात यायची. वर्गमित्राबरोबर मीही आलो होतो, त्याच्या आजोबांच्या कबरीपाशी. वर हिब्रू, खाली ठसठशीत मराठी, आडनावाला कोकणातलं गाव जोडलेलं. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर; अशी किती आडनावं त्या ओळींत आहेत! कद्दिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. ते जमवायला मित्राचे वडील भायखळ्यापर्यंत निरोप धाडत होते.

‘‘आपल्या देशात चाललेत,’’ असं आमची मोठी माणसं समाधानाने म्हणायची. त्याचा राग मला आजही आहे. कुणी एकदाही ‘राहा’ म्हटलं नाही. आणि तिकडे १९६२ पासून धर्मपीठ त्यांच्या लग्नांच्या वेळी वंश तपासत बसलं होतं. जेरुसलेममध्ये त्यांना धरणं धरावं लागलं, तेव्हा कुठे १९६४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचं सांगितलं. तरीही लोद, दिमोना, बीरशेबा इथे ते मराठीच बोलत राहिले, ‘मायबोली’ नावाचं नियतकालिक काढत राहिले.

१९५० च्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज आता चार-पाच हजारांवर आलाय. राज्य सरकारने अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. यहुदी धर्मात कबर उकरून जागा पुन्हा वापरत नाहीत, त्यामुळे वरळीच्या कबरस्तानातलं कुणी हलणार नाही. पण कबरींवरची अक्षरं झिजताहेत. मुंबईचा पाऊस दरवर्षी थोडी नेतो. ती उतरवून घ्यायला एखाद्या कॉलेजच्या मराठी विभागाचे चार विद्यार्थी पुरे आहेत, आणि त्या मजकुराचा निम्मा भाग वाचायला हिब्रू यावं लागत नाही.