क्लासची फी आयकरात वजा होते का?

नांदेडच्या शिक्षकाने मुलीला नीटसाठी लातूरला ठेवलं की क्लास, खोलीभाडं, मेस असा खर्च लाखात जातो. मग क्लासची पावती फाइलला लावायची घाई होते. ती पावती आयकरात चालत नाही. 2025-26 या आर्थिक वर्षासाठी हे नीट पाहू.

कलम 80सी शाळा, महाविद्यालय किंवा विद्यापीठातल्या पूर्णवेळ शिक्षणाची फी मान्य करतं. खासगी क्लास त्यात येत नाही. मुलगी कनिष्ठ महाविद्यालयात असेल तर तिथली पावती काढा. तिच्यावर ‘शिक्षण शुल्क’ अशी जी ओळ असेल तेवढीच रक्कम धरायची. विकास निधी, देणगी, वसतिगृह, बस सोडून द्यायचं. आई आणि वडील दोघे करदाते असतील तर प्रत्येकाला दोन मुलांपर्यंत स्वतः भरलेली फी दाखवता येते. पण भविष्य निर्वाह निधी, विम्याचे हप्ते आणि ही फी मिळून मर्यादा 1,50,000 रुपयेच. बहुतेक शिक्षकांची ती पीएफ-एलआयसीतच बरीचशी भरते.

पुढे एमबीबीएससाठी बँकेचं कर्ज घेतलं तर कलम 80ई कामाचं. फक्त व्याज वजा होतं, मुद्दल नाही. पण त्याला कमाल मर्यादा नाही आणि सवलत 8 वर्षांपर्यंत मिळते.

हे सगळं जुन्या करप्रणालीत. नवीत यातलं काही नाही, आणि तुम्ही वेगळी निवड केली नाही तर नवीच लागू होते. तरी घाबरू नका. समजा पगार 11 लाख आहे. प्रमाणित वजावट 75,000 गेली, उरले 10,25,000. नुसतं पगाराचंच उत्पन्न असेल तर 12 लाखांपर्यंत कर शून्य. अशा घरात पावत्या गोळा करण्यात वेळ का घालवायचा?

पगाराशिवाय शेतीही असेल तर गावाकडच्या सोयाबीनचं काय? स्वतःच्या शेतातल्या पिकाचं उत्पन्न करमुक्त आहे, तरी विवरणपत्रात दाखवावं लागतं. दुसऱ्याचा माल घेऊन आडतीवर विकला तर तो धंद्याचा नफा. त्याला शेतीची सूट नाही.

‘रिफंड मिळवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला मात्र लांब ठेवा. खोट्या वजावटी दाखवणाऱ्यांवर 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने देशभर तपासणी मोहीम घेतली. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड होऊ शकतो, आणि तो एजंटाला नव्हे, तुम्हाला भरावा लागतो.