निम्मी फवारणी, पण कशाच्या निम्मी?

इथे भाजी घेताना काही पाकिटांवर ‘तोकुबेत्सु साइबाइ’, म्हणजे ‘विशेष लागवड’, असं लिहिलेलं दिसतं. भाव बहुधा थोडा चढा. बरेच जण ते सेंद्रिय समजून टोपलीत टाकतात. ते सेंद्रिय नव्हे. त्याचा पानाचं चित्र असलेला ‘युकी जास’ शिक्का वेगळा.

हे लेबल सांगतं ते एवढंच: रासायनिक औषधं वापरल्याच्या वेळा आणि रासायनिक खतातलं नत्र, दोन्ही निम्म्यावर किंवा त्याखाली. आता एमबीएची खोड म्हणा, पण टक्केवारी दिसली की मी आधी छेद शोधतो. इथे तो ‘तोचि-हि’ या शब्दात आहे, म्हणजे ‘त्या भागाच्या तुलनेत’. त्या पिकाला तिथे एरवी किती फवारण्या होतात याची पातळी प्रामुख्याने प्रीफेक्चर ठरवतं, म्हणून दोन प्रीफेक्चरमधलं ‘निम्मं’ सारखं असेलच असं नाही. मोजतात त्याही वेळा, लिटर नव्हेत. एका औषधात दोन रासायनिक घटक असले, तर एकच फवारणी दोनदा धरतात. पूर्वी ‘गेन-नोयाकु’, म्हणजे ‘औषध कमी’, असं मोघम छापत. शेती मंत्रालयाच्या नियमावलीने २००४ पासून ते बंद केलं.

मग शेतकरी फवारणी कमी करतो कशी? कोचीचं उदाहरण घेऊ. केरळचं नव्हे, शिकोकू बेटावरचं. हिवाळ्यात आपण भरली वांगी करतो, त्यातली बरीच वांगी तिथल्या हरितगृहांतून येतात. फुलकिडे आणि पांढरी माशी औषधांना दाद देईनात, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी या किडींना खाणारे किडे सोडायला सुरुवात केली. त्यातला एक, ‘ताबाको कासुमिकामे’ नावाचा छोटा ढेकूण, स्थानिकच आहे. त्याला राहायला वांग्यांच्या शेजारी चक्क तीळ लावतात! वांग्यावर कीड नसली तरी तो तिळावर तग धरतो. गंमत म्हणजे, जपानच्या कायद्यात असे मित्रकीटकही ‘औषध’च मानले जातात.

यात कष्ट आहेत. झाडावर कीड किती, मित्र किती, हे सारखं पाहावं लागतं. बुरशी आली तर औषध मारावंच लागतं, पण मित्रकीटक मरणार नाहीत असं निवडून. हाच ढेकूण टोमॅटोवर फार वाढला तर कोवळे शेंडे खराब करतो, म्हणून वांग्याची युक्ती सगळीकडे चालत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी पाकीट उलटून पाहा. ‘तोकुबेत्सु साइबाइ’च्या लेबलवर पिकवणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं नाव, फोन असतो. कोणतं औषध किती वेळा वापरलं, हेही तिथे किंवा दिलेल्या वेबसाइटवर सापडतं.