मोटारीचे एंजिन का फुटते?

मांजरी बुद्रुक व मांजरी खुर्द यांच्यामधून मुळा-मुठा वाहते. खडकवासल्यातून पाणी सोडले की तिचे पात्र चढते. अशा दिवसांत रस्त्यावरचे पाणी ओलांडून आणलेली मोटार कधी कधी पंधरवड्याने, कोरड्या वाटेवर, एकाएकी खडखडून थांबते. एंजिनाच्या कुशीला भोक पडलेले असते, आणि दोष येतो तो वंगण बदलणाऱ्या बिचाऱ्या कारागिरावर.

खरे कारण मोडलेले लोखंडच सांगते. मात्र ते धुऊनपुसून काढण्यापूर्वी पाहावयास हवे. वंगण तुटले असेल, तर बेअरिंगे तापून निळीकाळी पडलेली व खरवडलेली दिसतात. टायमिंगचा पट्टा तुटला असेल, तर दट्ट्याच्या माथ्यावर झडपांचे ठसे उमटतात.

पाण्याची खूण याहून गुप्त. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ मुळीच दाबले जात नाही. डिझेल एंजिनाच्या ५०० घन सेंटिमीटरांच्या सिलिंडरात दट्ट्या माथ्याला पोचला म्हणजे सुमारे ३० घन सेंटिमीटर जागा उरते. दोन मोठे चमचेच म्हणा ना! त्याहून अधिक पाणी हवेच्या नळीवाटे आत शिरले की दट्ट्याचा जोडदांडा वाकतो. तो लगेच तुटतोच असे नाही. लाखो फेऱ्यांनी थकून मग तुटतो व एंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. वाकल्याने दांडा तोकडा होतो, दट्ट्या पूर्वीइतका वर चढत नाही, आणि सिलिंडरातील काजळीचा पट्टा रुंदावतो. म्हणून शाबूत राहिलेले दांडेही मोजावेत; त्यांतील एखादा किंचित आखूड भरला आणि हवेच्या गाळणीवर वाळल्या चिखलाची रेघ आढळली, तर कारागीर निर्दोष सुटतो.