हौशीच्या नावावर

पहाटे सहाच्या सुमारास आकाशवाणीची संकेतधून वाजते, पाठोपाठ 'वंदे मातरम्' होते आणि एक प्रसन्न आवाज वार-तिथी सांगू लागतो. ऐकणाऱ्याची समजूत अशी, की हा आवाज सरकारी नोकरीत सुस्थिर असलेल्या माणसाचा. पुष्कळदा तो तसा नसतो. अनेक केंद्रांवरील निवेदक 'नैमित्तिक' असतात. स्वरचाचणी देऊन ते निवडले जातात खरे. परंतु महिन्याला साधारण सहा पाळ्या आणि पाळीगणिक मानधन, एवढाच त्यांचा हिशेब. पगारी रजा नाही, निवृत्तिवेतन नाही. संसार चालतो तो शाळेतल्या वा कचेरीतल्या दुसऱ्या नोकरीवर, नाही तर शिकवण्यांवर.

तरीही ही माणसे वर्षानुवर्षे येत राहतात. बंद दालनात लाल दिवा लागतो, गाणे संपायला वीस सेकंद उरलेली असतात, आणि तेवढ्यात पुढचे गाणे लावून संगीतकाराचे नाव बिनचूक उच्चारायचे असते. कधीही न पाहिलेल्या खेड्यातून वेड्यावाकड्या अक्षरात श्रोत्याचे पत्र येते. या सुखाची चटक लागलेला माणूस मानधनाचा आकडा चारचौघांत सांगत नाही, एवढेच.

अशा वेळी मोठ्यांचे दाखले दिले जातात. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात होते, मंगेश पाडगावकर मुंबई केंद्रावर होते, पु. ल. देशपांडे यांनीही १९५०च्या दशकात आकाशवाणीत चाकरी केली. दाखले खरे आहेत. मात्र ही मंडळी वेतनावर होती, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. पोटाची काळजी मिटलेली असली म्हणजे प्रतिभेला उसंत मिळते, असाही अर्थ त्यातून निघू शकतो.

नियमित भरतीच्या वाटेने न आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली उमादेवी खटल्यात सांगितले. मागच्या दाराने होणाऱ्या भरतीला त्यामुळे आळा बसला, हे योग्यच झाले. पण रीतसर चाचणी देऊन वीस-वीस वर्षे ध्वनिक्षेपकापुढे बसलेल्यांचीही वाट त्याने अरुंद केली. 'हौस आहे ना, मग पैशाची भाषा कशाला?' हा प्रश्न विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांनीही ऐकलेला आहे. विचारणारा मात्र बहुधा पूर्ण वेतन घेणारा असतो.

सर्वांना कायम करा, असे कोणी म्हणत नाही. पाळीचे मानधन महागाईशी जोडावे, ते त्याच महिन्यात हाती पडावे आणि अनुभवाच्या वर्षांना भरतीत गुण मिळावेत, एवढे प्रसारभारतीला खचित करता येईल.